ब्रेकबाईचे सहा महिने

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. तेवीस वर्षं तिचा पाय त्या ब्रेकवर होता आणि त्याचा वापर कसा करायचा हे तिच्याइतकं शहरात कुणाला जमत नसे. ती इतक्या हलक्या पायाने गाडी थांबवी की शिकणाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. "बघा, किती छान थांबवलीत," असं ती वर म्हणे. माणूस खूश होई आणि पुढच्या चौकात खरोखरच नीट थांबे.

उंचीने ती जेमतेम पाच फूट. सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला गाडीचं नाक दिसत नसे. आवाज मात्र खणखणीत. घाबरट माणसं, दोनदा-तीनदा नापास झालेली माणसं, नवऱ्याने शिकवता शिकवता रडवलेल्या बायका, हे सगळे तिच्या वाट्याला येत. मालक म्हणायचे, "अवघड गिऱ्हाईक बाईंकडे." मालकांनी हे स्कूल एका जुन्या गाडीवर सुरू केलं होतं, आणि ब्रेकबाई त्यांची पहिली नोकर. आता पाच गाड्या होत्या, पण मालक अजूनही काही ठरवायचं झालं की आधी तिच्या गाडीच्या खिडकीशी येऊन उभे राहत.

गाडीत माणसं बोलतात. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते शेजारी शेजारी बसून, डोळे रस्त्यावर ठेवून सहज निघतं. एका बँकेतल्या कारकुनाने तिला सांगितलं होतं की त्याला ठरलेलं लग्न करायचं नाही. एका म्हाताऱ्या शिक्षकाने मुलाला काय सुनावायचं ते तिच्यासमोर तीन दिवस घोकून घेतलं होतं. एक नर्स रोज पहिली दहा मिनिटं नुसती रडायची आणि मग उत्तम गाडी चालवायची. ब्रेकबाई सल्ले देत नसे. ती सगळं ऐके आणि म्हणे, "हं. आता तिसरा गिअर टाका."

घरी ती एकटीच होती. लग्न केलं नाही. शहरापासून अकरा किलोमीटरवर, चढावरच्या वस्तीत वडिलांचं छोटं घर होतं. आजारपणात वडिलांची सेवा तिनेच केली. ते जाऊन चार वर्षं झाली होती. धाकटी बहीण दूरच्या दुसऱ्या शहरात संसारात अडकलेली. संध्याकाळी घरी आल्यावर ब्रेकबाई एक शब्द न बोलता जेवायची, भांडी घासायची, झोपायची. दिवसभर आठ तास बोलणं झालेलं असे, त्यामुळे ती शांतता तिला विश्रांतीसारखी वाटे. आपण एकटे आहोत हे इतक्या वर्षांत तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ते घडलं एका मंगळवारी सकाळी, गोदामांच्या मागच्या रुंद रस्त्यावर. गाडी चालवत होत्या शिंपीण मावशी. मावशींचं बाजारामागे शिवणकामाचं दुकान होतं. शाळांचे गणवेश, हॉटेलातल्या नोकरांचे एप्रन, पडदे असलं काम. वय अठ्ठावन्न. परीक्षेत तीनदा नापास. तयार कपड्यांचे गठ्ठे पोचवायला दर वेळी कुणाची तरी विनवणी करावी लागते याचा त्यांना कंटाळा आला होता, म्हणून या वयात हा खटाटोप. त्यांचा तो एकविसावा धडा होता. मावशींनी चौथ्यातून तिसरा टाकायचा तो थेट पहिला टाकला. गाडीने जोराचा हिसका दिला. ब्रेकबाईने "असू द्या" म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा तिचं डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं होतं. गाडी रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीला अगदी समांतर उभी होती. हँडब्रेक ओढलेला. इंडिकेटर टिकटिक करत होता. मावशी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. त्या रडत होत्या, पण नजर रस्त्यावरून हलवत नव्हत्या.

"मावशी," ब्रेकबाई म्हणाली, "गाडी छान लावलीत."

गोदामातली माणसं धावत आली, कुणी पाणी आणलं, कुणी रुग्णवाहिका बोलावली. मावशींना त्या गर्दीत कुणीतरी घरी पोचवलं.

दवाखान्यात निदान झालं की हृदयाची लय मधूनच बिघडते, आणि तशी बिघडली की मेंदूला रक्त कमी पडतं. या खेपेला लय आपोआप ताळ्यावर आली, पुढच्या खेपेला येईलच असं नाही. पाच दिवसांनी तिच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. डॉक्टर तिच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या आणि बोलायला सरळ. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून समजावलं, "लय बिघडली की हे यंत्र ओळखेल आणि आतून झटका देऊन ती ठिकाणावर आणेल. झटका बसला आणि तुम्हाला बरं वाटत असलं तर त्याच दिवशी आम्हाला फोन करायचा. बरं वाटत नसलं तर सरळ रुग्णवाहिका."

"म्हणजे माझ्याच गाडीला जादा ब्रेक बसवलात म्हणा," ब्रेकबाई म्हणाली.

डॉक्टर हसल्या. मग गंभीर झाल्या. "गाडी सहा महिने चालवायची नाही. स्वतःचीसुद्धा. त्या सहा महिन्यांत झटका बसला नाही तर स्वतःची गाडी चालवायला हरकत नाही. आणि तुमच्या कामाचं म्हणाल तर..."

डॉक्टर पुढे बोलत होत्या, पण ब्रेकबाई बोटांवर महिने मोजत होती. पाच बोटं संपली, दुसऱ्या हाताचं एक उरलं. एवढंच ना. वडिलांच्या आजारपणात तिने तीन वर्षं काढली होती, सहा महिने म्हणजे काय. तिने मान डोलावली. डॉक्टरांनी दोन पानी कागद दिला, तो तिने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला.

बहीण दहा दिवस येऊन राहिली. तिने कपाटं लावली, डबे घासले, नको नको म्हणताना पडदे धुतले. जायच्या आदल्या दिवशी पर्समधला कागद काढून तिने वाचला आणि बराच वेळ तसाच हातात धरला.

"ताई, हे नीट वाचलंस ना गं?"

"वाचलं."

"दोन्ही पानं?"

"अगं, वाचलं म्हटलं ना."

बहिणीने कागद परत ठेवला. तिला ताईचा स्वभाव ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि घर इतकं शांत झालं की धुतलेल्या पडद्यांचा वाऱ्याने होणारा आवाजही ऐकू येऊ लागला.

महिन्याभराने ब्रेकबाई कामावर गेली. गाडीने अठरा मिनिटांचा रस्ता होता तो. आता घरापासून बसथांब्यापर्यंत पंचवीस मिनिटं पायी, मग एक बस, बाजारात उतरून दुसरी बस, सगळा मिळून दीड तास. परतीची शेवटची सोयीची बस पावणेसहाला सुटे. ती चुकली की पुढची चढाच्या पायथ्याशीच सोडून देई. म्हणून साडेपाचला ती पर्स उचलून निघे, आणि त्याच वेळेला बाकीचे शिकवणारे दिवसभराच्या गमती सांगायला कार्यालयात जमत. ते हसण्याचे आवाज तिला रोज जिन्यात ऐकू येत.

बसमध्ये तिला सगळ्यात आधी ड्रायव्हरच्या चुका दिसत. क्लच उशिरा सोडतो, वळणावर ब्रेक मारतो. तिचा पाय आपोआप पुढे सरके आणि समोरच्या सीटच्या पत्र्यावर दाबला जाई. एकदा समोर बसलेल्या बाईने वळून विचारलं, "काही हवंय का?" ती म्हणाली, "नाही, सवय आहे." त्या बाईने पर्स जवळ ओढली आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

मालकांनी तिला कार्यालयात खिडकीपाशी टेबल दिलं होतं. अर्ज भरून घ्यायचे, तारखा लावायच्या, फोन उचलायचे. तिच्या गाडीवर एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. तो शिकणाऱ्याला सारखं "पुढे चला, पुढे चला" करी म्हणून बाकीच्यांनी आठवड्याच्या आत त्याचं नाव कंडक्टर पाडलं. माणूस भला होता. पहिल्याच दिवशी तो तिची उशी दोन्ही हातांत धरून टेबलापाशी आला.

"बाई, ही तुमची. मला लागत नाही."

"ठेवा हो गाडीतच. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

कंडक्टरने मालकांकडे पाहिलं. मालक कसला तरी कागद शोधू लागले. उशी शेवटी तिने आपल्या खुर्चीवर ठेवली. खुर्ची उंच झाली आणि पाय जमिनीला टेकेनात, म्हणून दोन दिवसांनी काढली.

टेबलावरचं काम तिला जमलं. अक्षर चांगलं, हिशेबी डोकं, एकही तारीख चुकली नाही. पण टेबलापलीकडून माणसं फक्त विचारतात. फोटो किती लागतात, परीक्षा कधी, पावती मिळेल का. उत्तर मिळालं की जातात. दिवसाला तीस-चाळीस माणसांशी ती बोले आणि संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर त्यातला एकही चेहरा आठवत नसे. खिडकीखालून तिची गाडी बाहेर पडे. कंडक्टरशेजारी कुणीतरी नवीन बाई ताठ बसलेली असे, आणि तिचे ओठ हलताना दिसत. काय सांगत असेल, हे ब्रेकबाईला ऐकू येत नसे.

घरी तीच गत. पूर्वीची ती विश्रांतीची शांतता आता अंगावर येई. ती रेडिओ लावे आणि बातम्या देणाऱ्याला मध्येच उत्तर देई. रविवारी बहिणीचा फोन येई, दहा मिनिटं. बाकी वस्तीत शेजार असा नव्हता. होती ती घरं कुलूपबंद, घरमालक परगावी. गाडी होती तेव्हा हे लांबचं घर तिला किती सोयीचं वाटायचं. आता दूध संपलं तरी चढ उतरून जावं लागे. तिची स्वतःची लहान गाडी अंगणात कव्हर घालून उभी होती. दर रविवारी ती कव्हर काढी, आत बसून इंजिन सुरू करी, पंधरा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवी. बॅटरी उतरू नये म्हणून. मग बंद करी. सहा महिन्यांनी गाडी जागेवरच बसलेली सापडायला नको.

पाच महिने आणि तीन आठवडे असे गेले.

मग एका सुट्टीच्या दुपारी, धुतलेली चादर घडी करत असताना, तिच्या छातीत आतून लाथ बसली. दुसरा शब्द नाही त्याला. डोळ्यांसमोर पांढरं झालं, आणि भानावर आली तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती आणि चादरीची दोन टोकं अजून हातात होती. दुखत नव्हतं. श्वास चालू होता. डोकं ठिकाणावर होतं. ती भिंतीला टेकून बसून राहिली. थोड्या वेळाने ती मोठ्याने म्हणाली, "काही नाही, काही नाही," जसं गाडी बंद पडल्यावर शिकणाऱ्याला म्हणायची. ऐकायला कुणी नव्हतं.

फोन समोरच होता. तिला काय करायचं ते पाठ होतं. तिने चादरीची घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि फोनकडे पाठ करून चहा ठेवला. कुणी पाहिलं नाही. बेशुद्ध पडले म्हणावं तर तेही नीटसं नाही. यंत्राने यंत्राचं काम केलं, आता त्याचा एवढा गाजावाजा कशाला. नऊ दिवस राहिलेत फक्त. अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली. रविवारी बहिणीने विचारलं, "बरी आहेस ना?" तेव्हा ती म्हणाली, "ठणठणीत."

त्याच्या पुढच्या रविवारी सहा महिने पूर्ण झाले. ती सकाळी लवकर उठली. अंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले, गाडी पुसली, आरसे लावले. फाटक उघडून गाडी बाहेर काढली. पाय विसरले नव्हते. क्लच सुटला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. दोनशे पावलांवर रस्ता वळतो आणि उतार सुरू होतो. खाली पायथ्याशी एक माणूस सायकल हातात धरून चढ चढत होता.

वळणावर तिने सवयीने शेजारी पाहिलं.

शेजारची सीट रिकामी होती. तेवीस वर्षांत ती ज्या बाजूला बसत आली ती बाजू. शेजारचा माणूस कोलमडला तर गाडी थांबवायला तिथे कुणीतरी बसलेलं असतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आजवर ती स्वतः होती. आज तिथे कुणी नव्हतं. यंत्र तिला वाचवील. पण ते सावरेपर्यंतच्या त्या दहा-पंधरा क्षणांत गाडी उताराला लागलेली असेल आणि तो सायकलवाला आपल्याच नादात वर येत असेल. यंत्राला स्टिअरिंग धरता येत नाही.

तिने ब्रेक दाबला. वळणावर गाडी उभी करू नये, हे ती हजारो वेळा बोलली होती. तरी ती तिथे काही क्षण थांबली. मग रिव्हर्स टाकला आणि मान मागे वळवून, चालण्याच्या वेगाने, दोनशे पावलं गाडी मागे नेत अंगणात आणली. किल्ली काढली. उतरून गाडीवर कव्हर घातलं.

सोमवारी सकाळी तिने दवाखान्यात फोन केला. यंत्र तपासणाऱ्या तंत्रज्ञाने तिला बोलावून घेतलं, छातीवर एक चकती ठेवली आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "सतरा तारीख, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. बरोबर?"

"बरोबर."

"यात सगळं लिहिलेलं असतं, बाई. आम्हाला दिसलंच असतं."

"म्हणून नाही आले मी," ब्रेकबाई म्हणाली. पण का आले ते तिने सांगितलं नाही.

डॉक्टरांनी औषध बदललं. झटका बसला त्या दिवसापासून पुन्हा सहा महिने, असं सांगितलं. ते तिने धरूनच ठेवलं होतं. तिने विचारलं, "म्हणजे शिकवायला जायचं ते आणखी सहा महिन्यांनी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शिकवायला नाही, बाई. ते मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. कागदावर दुसऱ्या पानावर आहे. यंत्र आहे तोवर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी असलेली गाडी नाही. शिकवणाऱ्याची सीटही त्यात धरतात. इथला नियमच तसा आहे."

"तोवर म्हणजे किती?"

"यंत्र कायमचं आहे."

ब्रेकबाईने पर्स उघडली, कागदाच्या चार घड्या उलगडल्या आणि दुसरं पान वाचलं. अक्षरं मोठी आणि स्वच्छ होती. चौथी ओळ. मग तिने तो परत घडी करून ठेवला, डॉक्टरांचे आभार मानले आणि दोन बस बदलून कामावर गेली.

मालक टेबलापाशी चहा घेऊन आले. ती कामावर परतल्यापासून तिच्यासाठी रोज अकराला ते स्वतः चहा आणत.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

मालक खुर्ची ओढून बसले. "लायसन्स कार्यालयाचं पत्र आलं होतं. तुम्ही परत आलात त्याच आठवड्यात. तुमचा शिकवण्याचा परवाना रद्द केल्याचं." ते कपाकडे बघत बोलत होते. "रोज ठरवायचो, आज सांगू. धीर नाही झाला. तुम्ही दिवस मोजत होतात."

"म्हणून चहा."

"म्हणून चहा," मालक म्हणाले.

ती रागावली नाही. तिला वाटलं होतं आपण रागावू. तिने चहा प्यायला, कप परत दिला आणि अर्ज पुढे ओढले. त्या दिवशी तिने पाच वर्षांची कपाटं लावायला काढली. हात रिकामे ठेवायचे नव्हते. अर्धवट सोडून गेलेल्यांच्या फायली एका बाजूला काढताना शिंपीण मावशींची फाईल हाती आली. झालेले धडे एकवीस, उरलेले नऊ. त्या मंगळवारच्या तारखेपुढे तिचीच सही नव्हती, कारण त्या दिवशी सही करायला ती जागेवर नव्हती. त्यानंतर पान कोरं.

सहा महिन्यांत तिला एकदाही सुचलं नव्हतं, की मावशींचं पुढे काय झालं ते विचारावं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती बाजारामागे गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन शिवणयंत्रं, निळ्या कापडाचे ढीग, भिंतीवर कागदी बेतांच्या गुंडाळ्या. मावशी पायमशीनवर होत्या. ब्रेकबाईला पाहून त्यांचे पाय थांबले, पण चाक दोन फेरे तसंच फिरलं.

"या," मावशी म्हणाल्या. उठून त्यांनी स्टुलावरचं कापड उचललं. "बऱ्या आहात?"

"आहे. तुम्ही आला नाहीत परत. नऊ धडे राहिलेत."

मावशींनी टाचण्यांची डबी उघडली, बंद केली. "कुठल्या तोंडाने यायचं."

"म्हणजे?"

"माझ्यामुळे झालं ना ते. चौथ्यातून पहिला टाकला मी. एवढा हिसका बसला, तुम्ही दचकलात आणि हृदय बंद पडलं. घरी जाऊन मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. दवाखान्यात यायला निघाले होते दोनदा. फाटकापर्यंत येऊन परत गेले."

ब्रेकबाई स्टुलावर बसली. "मावशी, तेवीस वर्षं लोक माझ्या शेजारी बसून चौथ्यातून पहिला टाकतायत. त्याने हृदय बंद पडत असतं तर मी पहिल्याच आठवड्यात गेले असते."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. खरं बोलतेय की समजूत घालतेय, ते बघत होत्या.

"लय बिघडायची होती, बिघडली. दोन आठवड्यांपूर्वी चादर घडी करताना पुन्हा बिघडली. चादरीने कुठला गिअर टाकला?"

मावशी हसल्या नाहीत. पदराने त्यांनी डोळे पुसले. मग त्या दिवसाचं सांगू लागल्या. आजवर कुणाला न सांगितलेलं त्या पहिल्यांदाच बोलत होत्या, म्हणून मध्येच अडखळत होत्या. "तुमचं डोकं काचेवर आपटलं. मी तुम्हाला हाका मारल्या. मग खाली पाहिलं तर तुमचा पाय ब्रेकवरून घसरलेला. तेव्हा मला कळलं की आता गाडी माझी आहे. मागून ट्रक येत होता. मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, कडेला घेतली. सगळं तुमच्या आवाजात ऐकू येत होतं. थांबल्यावर मात्र मला काही सुचेना. समोर बघायचं एवढंच ठरवलं, कारण तुमच्याकडे बघितलं असतं तर..." त्या थांबल्या.

ब्रेकबाईच्या मनात आलं, हिच्यापेक्षा चांगली शिकलेली बाई माझ्या हाताखालून गेली नाही. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या दहाला या. कंडक्टर शिकवतील. मी मागच्या सीटवर बसेन. मला बोलायची परवानगी नाही, पण मी बसेन."

मावशी आल्या. ब्रेकबाई मागे बसली, पहिले दोन धडे. मागून तिला मावशींचं फक्त मानेवरचं अंबाड्याचं टोक दिसे आणि आरशात अर्धं कपाळ. कंडक्टर "पुढे चला, पुढे चला" करी. दुसऱ्या दिवसापासूनच मावशी त्याच्याशी बोलू लागल्या, दुकानातलं, घरातलं, हळू आवाजात. मागच्या सीटवर इंजिनच्या आवाजात त्यातलं निम्मं पोचत नसे. तिसऱ्या धड्याला ब्रेकबाईने सांगितलं की कार्यालयात काम आहे.

मावशी चौथ्या खेपेला पास झाल्या. पेढ्याबिढ्याच्या भानगडीत न पडता त्यांनी ब्रेकबाईला एक निळी सुती पिशवी शिवून आणून दिली, पट्टा मुद्दाम यंत्र नसलेल्या खांद्यावर घेण्याजोगा लांब. मग गठ्ठे पोचवायचं त्यांचं काम वाढलं. पास झालेली माणसं ड्रायव्हिंग स्कूलकडे फिरकत नाहीत. फिरकायचं कारणच नसतं.

दुसरे सहा महिने ब्रेकबाईने मोजले नाहीत. मालकांनी तिच्यासाठी वरची खोली रिकामी केली, फळा लावला, वीस खुर्च्या मांडल्या. आठवड्यातून चार दिवस ती तिथे नियम आणि खुणा शिकवू लागली. चांगलं शिकवत असे. वीस माणसं वह्या काढून लिहून घेत. वीस माणसांसमोर कुणी लग्नाचं किंवा मुलाचं बोलत नाही. तास संपला की खुर्च्या सरकल्याचा आवाज होई आणि जिन्यावरून पावलं उतरत जात.

या खेपेला झटका बसला नाही. डॉक्टरांनी कागद दिला, त्याची दोन्ही पानं तिने तिथेच उभं राहून वाचली. स्वतःची गाडी चालवायला हरकत नाही. सोमवारी ती गाडी घेऊन कामावर गेली. उतार, पूल, गोदामांचा रस्ता, बाजार. बसच्या सवयीने ती घरातून इतकी लवकर निघाली होती की कार्यालय उघडायला सव्वा तास होता. ती गाडी लावून आतच बसून राहिली. मंगळवारीही तसंच झालं.

रविवारी बहिणीचा फोन आला. "मिळाली ना गाडी परत? मी तर देवाचे आभारच मानले. आता सगळं पहिल्यासारखं झालं म्हणायचं, ताई."

ब्रेकबाईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"वेळ वाचतो," ती म्हणाली. "तुझ्याकडे काय चाललंय?"